पाण्यावरची रेघ

मंडळी, हा लेख मी एका क्विझमुळे लिहितेय. गेल्या फेस्टमध्ये आमच्या टीमला प्रश्न आला, 'मृत्यूरेषा हा शब्द कुठल्या आखाताशी जोडलेला आहे?' माझ्या पार्टनरने बझर दाबला आणि सांगून टाकलं, 'सिद्राचं आखात, लिबिया, गद्दाफी!' दहा गुण. टाळ्या. आम्ही एकदम हीरो!

नंतर कँटीनमध्ये कटिंग पिताना बोरिवलीचा एक मित्र सहज म्हणाला, "तू वर्सोवा कोळीवाड्याची ना? मग आपल्या समुद्राची हद्द कुठे संपते गं?" आणि माझी बोलती बंद. भूमध्य समुद्रातली रेघ मला पाठ होती. ज्या पाण्यातून आमच्या घरात माझी फी येते, त्या पाण्यावरची रेघ कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. घरी जाऊन बाबांना विचारलं. ते जाळं शिवत होते. वर न बघताच म्हणाले, "कुठली रेघ विचारतेस? सरकारची, ट्रॉलरवाल्यांची, की आमची?"

तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. म्हणून हा प्रपंच.

आधी ते क्विझवालं आखात बघू. नकाशात लिबियाचा किनारा मध्यभागी आत दबल्यासारखा दिसतो. पश्चिमेला मिसराता, पूर्वेला बेंगाझी, मधल्या खोलगट भागात सिद्राचं आखात. या दोन टोकांमधलं अंतर साधारण ४४० किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर मुंबई सेंट्रलहून निघालेली गाडी बडोदा मागे टाकून पुढे जाईल एवढं! १९७३ साली गद्दाफीने ३२ अंश ३० मिनिटे उत्तर अक्षांशावर पट्टी ठेवली, एक सरळ रेघ मारली आणि जाहीर केलं, हिच्या दक्षिणेचं सगळं पाणी आमचं, घरच्या तळ्यासारखं.

आता गंमत बघा. एखादा वळलेला किनारा कायद्याने 'आखात' ठरतो की नाही, यासाठी चक्क भूमितीची परीक्षा आहे. आखाताच्या तोंडावर रेघ मारायची, ती रेघ व्यास धरून अर्धवर्तुळ काढायचं. आतल्या पाण्याचं क्षेत्रफळ त्या अर्धवर्तुळाएवढं किंवा जास्त भरलं तरच ते आखात. फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगचंच काम! शिवाय ते पाणी 'घरातलं' म्हणायचं तर तोंडावरची रेघ २४ सागरी मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४४ किलोमीटरपेक्षा लांब असता कामा नये. चर्चगेट ते भाईंदर समजा. गद्दाफीची रेघ त्याच्या दहापट होती. त्याचं म्हणणं, हे 'ऐतिहासिक' आखात आहे, आमचा हक्क जुना आहे. अमेरिका म्हणाली, आम्ही मानत नाही. १९ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकन आरमाराच्या विमानांनी लिबियाची दोन लढाऊ विमानं तिथे पाडली. १९८६ च्या मार्चमध्ये पुन्हा चकमक झाली. तेव्हाच ही रेघ 'मृत्यूरेषा' म्हणून जगभर गाजली. आणि समुद्री कायद्याचा ज्या अमेरिकेने एवढा आग्रह धरला, तिने १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार आजवर मंजूर केलेला नाही! असो. मोठ्यांचं सगळंच मोठं.

२०११ साली गद्दाफी मारला गेला, तो त्याच आखाताच्या काठावरच्या सिर्त गावात. म्हणजे रेघ मारणारा गेला. पण म्हणून भांडण संपलं का? नाही. लिबियाने २००५ मध्ये किनाऱ्यापासून बरंच बाहेरपर्यंतचं पाणी आपलं मासेमारी क्षेत्र म्हणून जाहीर केलं होतं आणि इटलीला ते मान्य नव्हतं. सप्टेंबर २०२० मध्ये सिसिलीतल्या माझारा देल वाल्लो बंदराच्या दोन बोटी लिबियाच्या गस्ती बोटींनी पकडून बेंगाझीला नेल्या. लाल कोळंबीच्या मागे गेलेले अठरा जण! शंभराहून जास्त दिवस ते अडकून पडले, डिसेंबरमध्ये सुटले. आणि हे अठराही काही सगळे इटालियन नव्हते. काही ट्युनिशियाचे, काही इंडोनेशियाचे, काही सेनेगलचे. म्हणजे रेघ लिबियाची, बोट इटलीची आणि त्यात अडकलेला सेनेगलचा खलाशी.

हे वाचलं आणि मला माझा मामा आठवला.

माझं आजोळ पालघरकडे, किनाऱ्यालगत. तिकडची कितीतरी माणसं हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. मामाही जायचा. मी सातवीत असताना एकदा दिवाळीला त्याचा फोन आला नाही. मग निरोप आला की बोट पलीकडच्या गस्ती बोटीने पकडलीय. मामी पुढचे सोळा महिने दारोदार कागद घेऊन हिंडली. बोट मालकाची होती, त्याची बोट गेली हे खरंच. पण मालक घरी होता. तुरुंगात माझा मामा होता. तो सुटून आला तेव्हा त्याच्या धाकट्या मुलाने त्याला ओळखलं नाही, मामीच्या पदरामागे लपला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

क्विझच्या आठवड्यानंतर आजोळी गेले तेव्हा मुद्दाम विचारलं, "मामा, तुम्हाला कळलं नव्हतं का हद्द ओलांडली ते?" तो म्हणाला, "पोरी, रेघ कुठं होती ते आम्हाला त्यांच्या बोटीत चढवल्यावर कळलं." मग थोडं थांबून, जरा ओशाळून म्हणाला, "खोटं कशाला बोलू, तिकडं मासळी बरी असते. तांडेल म्हणाला अजून थोडं पुढं जाऊ. आम्ही गेलो."

आता ती रेघ नक्की आहे तरी कुठे? इथेच खरी मेख आहे. कच्छच्या रणाच्या टोकाला सर क्रीक नावाची साधारण ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. चिखल, दलदल, भरती-ओहोटी. तिथे कायमची वस्ती नाही. या खाडीचा वाद जुना आहे आणि त्याचा कागद मुंबईत तयार झालाय! हो, आपल्या मुंबईत. त्या काळी सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता. १९०८ च्या सुमारास खाडीकाठच्या सरपणावरून सिंधचं प्रशासन आणि कच्छचे महाराव यांच्यात जुंपली. चक्क जळाऊ लाकडं! मग १९१४ साली मुंबई सरकारने ठराव करून तडजोड केली आणि नकाशा जोडला. त्या नकाशावर खाडीच्या पूर्व काठाने एक हिरवी रेघ आहे. पाकिस्तान म्हणतो, बघा, पूर्व काठ म्हणजे अख्खी खाडी आमची. भारत म्हणतो, त्याच ठरावात जहाजं चालू शकणाऱ्या प्रवाहाची मध्यरेषा ही हद्द असा उल्लेख आहे, १९२५ च्या नकाशात आणि जमिनीवर रोवलेल्या खांबांतही तेच दिसतं. त्यावर पाकिस्तान म्हणतो, ही खाडी कुठे जहाजं चालण्याजोगी आहे? भारत म्हणतो, भरतीच्या वेळी चालतात की! १९३६ ला सिंध मुंबईपासून वेगळा झाला, १९४७ ला देश वेगळे झाले, १९६८ ला लवादाने रणाच्या बाकी हद्दीचा निकाल दिला, पण ही खाडी त्यातून सुटली. २००७ च्या सुरुवातीला दोन्ही देशांनी मिळून सर्व्हेही केला. तरी रेघ ठरलेली नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चिखलासाठी एवढं कशाला? तर खाडीच्या तोंडावरचा जो बिंदू ठरेल, तिथून पुढे समुद्रातली हद्द सुरू होते. बिंदू जरा इकडे सरकला की पुढे समुद्रात शेकडो चौरस किलोमीटर पाणी या बाजूचं त्या बाजूला जातं. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलमध्ये कोनात छोटी चूक झाली की ट्रॅव्हर्स बंद होत नाही आणि सर वही फेकतात. इथे चुकीचा हिशोब खलाश्यांच्या महिन्यांत आणि वर्षांत होतो.

१ जानेवारी आणि १ जुलै या दोन तारखांना दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, २००८ सालच्या करारानुसार. १ जानेवारी २०२५ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानात २१७ भारतीय मच्छीमार होते आणि भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी. म्हणजे आपणही पकडतोच. तिकडेही कुणाची तरी मामी कागद घेऊन हिंडत असणार. आणि तुरुंगापर्यंत तरी पोचले म्हणायचं. ६ नोव्हेंबर २०२१ ला पालघर जिल्ह्यातला एक खलाशी गुजरातच्या बोटीवर असताना पाकिस्तानी गोळीबारात गेला. बातमी दोन दिवस चालली, मग विरून गेली.

इथे एक प्रामाणिक शंका येईल, आणि ती यायलाच हवी. हद्द ढिली सोडून चालेल का? नाही चालणार. मुंबईच्या माणसाला हे सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ ला आलेले दहा जण समुद्रातूनच आले, आणि तेही 'कुबेर' नावाची एक मासेमारी बोट बळकावून, तिच्या तांडेलाला मारून. त्यामुळे तपासणी हवी, ओळखपत्रं हवीत, गस्त हवी. माझं म्हणणं एवढंच, की तपासणीला काही तास लागतात, फार तर काही दिवस. जाळं, बर्फ आणि मासळी घेऊन फिरणारा माणूस मच्छीमार आहे हे समजायला सोळा महिने लागत नाहीत.

आणि कायदाही हेच म्हणतो, निदान काही पाण्यापुरतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल हा प्रादेशिक समुद्र, तिथे देशाचं पूर्ण राज्य. त्यापुढे २०० मैलांपर्यंत विशेष आर्थिक क्षेत्र. या बाहेरच्या क्षेत्रात परक्या मच्छीमाराने मासेमारीचा नियम मोडला तर दंड करा, पण दोन देशांत वेगळा करार नसेल तर कैद करू नका, असं सागरी कायद्याच्या करारातलं ७३ वं कलम सांगतं. भारताने हा करार १९९५ ला मंजूर केला, पाकिस्तानने १९९७ ला. सही दोघांची आहे!

आता आपल्या दारातल्या समुद्राकडे येऊ. बाबांच्या प्रश्नाकडे. सरकारची रेघ कुठली, ट्रॉलरवाल्यांची कुठली आणि आमची कुठली?

सरकारची रेघ १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. योगायोग बघा, अंधेरी स्टेशन चर्चगेटपासून जवळपास तेवढंच आहे. रोजची लोकल आडवी करून समुद्रात घातली तर जिथे उतराल तिथे ही हद्द! एवढ्या पट्ट्यातली मासेमारी हा राज्याचा विषय, पुढची केंद्राचा. पण हे १२ मैल मोजायचे कुठून? साधारण नियम म्हणजे ओहोटीच्या रेषेपासून. भारताने २००९ मध्ये किनाऱ्यावर बिंदू जाहीर करून ते जोडणाऱ्या सरळ रेषाही ठरवल्या. पण जमिनीवर बांधकामाचे नियम लावताना, सीआरझेडमध्ये, मोजणी होते भरतीच्या रेषेपासून. भरती आणि ओहोटी यांच्या मधली जागा आम्हा कोळ्यांची सगळ्यात वापरातली जागा. बोट ओढायची तिथे, चिखलात निवट्या शोधायच्या तिथे. कागदावर मात्र दोन रेषांच्या मधे.

दुसरी रेघ खोलीची. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली ट्रॉलरसाठी किनाऱ्याजवळ बंदी आहे, ती वावांत मोजलेली, कुठे ५ वाव, कुठे १० वाव. वाव म्हणजे सहा फूट. १० वाव म्हणजे साधारण १८ मीटर. पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने बंधनं आली, परवाने कमी करत १८२ वर आणायचे ठरलं, मुंबईसमोरच्या पाण्यात तर ही जाळी बंदच. कागद छान आहे. पण रात्री दोन वाजता मढच्या पुढे दिसणारा झगझगीत लाइट कुणाच्या बोटीचा, हे बघायला कागद पाण्यावर जात नाही. माझ्या लहानपणी बाबा दोन-अडीच तासांत परत यायचे. आता डिझेल दुप्पट जळतं आणि टोपल्या अर्ध्या येतात.

तिसरी रेघ आमची. ती कुठल्याच नकाशात नाही. डोल जाळं लावायला समुद्रात खुंट ठोकून जी जागा बांधतात तिला कव म्हणतात. कुणाची कव कुठे, हे मागच्या पिढीने डोंगराची टोकं, देवळाचे कळस, दीपस्तंभ यांच्या खुणा धरून ठरवलेलं. दोन खुणा एका ओळीत आल्या की ही आपली जागा. अहो, हे शुद्ध रिसेक्शन आहे! जे आम्ही प्लेन टेबलवर घाम गाळून शिकतो ते बाबा सातवी पास होऊन करतात. पण आता त्या खुणाच दिसत नाहीत. समोर टॉवर उभे राहिले, डोंगर त्यांच्या मागे गेला.

आणि आम्ही कोळी काही फार शहाणे आहोत असं नाही. वसई-उत्तनच्या बोटी आणि सातपाटी-डहाणूच्या बोटी यांच्यात कवींच्या हद्दीवरून अनेक वर्षं वाद चालू आहे. दोन्हीकडे आपलीच माणसं, आपलीच भाषा, आणि माझ्या घरात तर एकीकडे बाबांचे सोयरे, दुसरीकडे मामाचे! परप्रांतीय ट्रॉलरला शिव्या देणारे आमचेच काही नाखवा बारीक आसाचं जाळं लावून पिल्लंही उचलतात. बाबांना हे म्हटलं तर ते जाळ्यावरून मान वर करत नाहीत. म्हणजे पटतं.

मग माझं मत काय? तीनच गोष्टी सांगते.

एक. ज्याला रेघ पाळायची आहे त्याला ती दिसली पाहिजे. आपल्या शाखेचं काम इथे आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच केंद्राच्या योजनेची सुरुवात झाली. देशभरात एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायचे, सुमारे ३६० कोटी रुपये. चांगलीच गोष्ट. पण यंत्र बसवणं म्हणजे अर्धंच काम. खाऱ्या हवेत ते किती टिकतं? बिघडलं तर ससून डॉकला दुरुस्त कोण करतं? धोक्याची सूचना खलाश्याला कळेल अशा भाषेत येते का? आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांनो, लाइन फॉलोअर रोबोट दर वर्षी होतो. एक वर्ष हे करून बघा की! पाहिजे तर टेस्टिंगला बाबांची बोट मी देते, डिझेल तुमचं.

दोन. जिथे दोन देशांचंच रेघेवर एकमत नाही, तिथे यंत्राने शिट्टी मारायची तरी कुठे? ते काम यंत्राचं नाही, सरकारांचं आहे. आणि ते होईपर्यंत वादग्रस्त पाण्यात सापडलेल्या मच्छीमाराला तपासून, दंड करून, बोटीसकट परत पाठवावं. दोन्ही बाजूंनी.

तीन. आपल्या राज्यातल्या रेषा आखताना ऑफिसातल्या टेबलाशी कोळीवाड्यातला तांडेलही बसलेला असावा. त्याला अक्षांश-रेखांश कदाचित नीट सांगता येणार नाहीत. पण मालाड खाडीच्या तोंडाशी गाळ कुठे साचला आणि दहा वर्षांत पाण्याचा मार्ग किती सरकला, हे तो डोळे मिटून सांगेल. १९१४ साली टेबलाशी असा एखादा माणूस बसवला असता आणि त्याला विचारलं असतं, 'बाबा रे, हा प्रवाह उद्या इथेच राहील का?' तर तो हसला असता.

मराठीत आपण न टिकणाऱ्या गोष्टीला 'पाण्यावरची रेघ' म्हणतो. मलाही आधी तसंच वाटायचं, पाण्यावर रेघ मारली काय, नाही काय. पण मामाच्या घरी अजून एक वही आहे. मामीने त्या सोळा महिन्यांत किराणावाल्याची, शाळेच्या फीची, उसनवारीची एकेक रक्कम त्यात लिहून ठेवलीय. मागच्या महिन्यात शेवटचा आकडा खोडला, असं ती सांगत होती.

येत्या क्विझला मी प्रश्न काढणाऱ्यांच्या टीममध्ये आहे. सिद्रा नाही विचारणार. विचारणार आहे, 'जुहू चौपाटीसमोरचं पाणी किती मैलांपर्यंत महाराष्ट्राचं?' तुम्हाला उत्तर आता माहीत आहे. दहा गुण फुकट घ्या!